शुद्ध वाणाचं प्रतिपिंड

‘वाण’ म्हणजे काय, हे जालना जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. तिच्या मागोमाग बियाणे कंपन्यांची रांग लागली, आणि संकरित, सुधारित, नर ओळ, मादी ओळ, भेसळ, शुद्धता हे शब्द कंपनीच्या आवारातून बांधावर आणि बांधावरून एसटीतल्या गप्पांत गेले. याच ओळखीच्या शब्दांच्या आधारानं मी इथे एका अनोळखी वाटणाऱ्या वस्तूविषयी लिहिणार आहे. मोनोक्लोनल अँटिबॉडी असं तिचं नाव. कर्करोगावरची महागडी इंजेक्शनं, गर्भारपण तपासायची औषधाच्या दुकानातली पट्टी, पिसाळलेला कुत्रा चावल्यावर जखमेत टोचायचं औषध आणि बीटी कापसाच्या बियाण्याची तपासणी, या सगळ्यांत ती असते. कापसाच्या तपासणीतून माझी तिची ओळख झाली. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं बियाणं तपासलं. दवाखान्यातला तिचा उपयोग मला पुष्कळ नंतर कळला.

अँटिबॉडीला मराठीत प्रतिपिंड म्हणतात. हा शब्द पाठ्यपुस्तकांमुळे बऱ्यापैकी रुळला आहे, म्हणून तोच वापरते. क्लोनला ‘कृंतक’ असा पारिभाषिक प्रतिशब्द आहे. तो मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तेव्हा मोनोक्लोनल हा शब्द तसाच ठेवू. एका पेशीचा वंश, एवढाच त्याचा अर्थ.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीनं बीटी कापसाच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. तिन्ही महिकोचे. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जीवाणूचं एक जनुक कापसात घातलेलं होतं आणि त्या जनुकामुळे झाडात ‘क्राय-१-एसी’ नावाचं प्रथिन तयार होत होतं. बोंडअळीनं ते खाल्लं की तिच्या आतड्याला भोकं पडतात. पण हे बियाणं दिसायला साध्या कापसाच्या बियाण्यासारखंच. सरकी हातात घेऊन तिच्यात क्राय प्रथिन आहे की नाही, हे कुणालाही सांगता येत नाही. नेमकं तेच सांगण्यासाठी आमच्या टेबलावर प्रतिपिंडं आली.

प्रतिपिंड म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला पकडणारं प्रथिन. आकार बेचकीसारखा. बेचकीच्या दोन टोकांना पकड असते, आणि ती पकड एका ठरावीक आकाराशीच जुळते. क्राय प्रथिन पकडणारं प्रतिपिंड बाजूनं दुसरी हजार प्रथिनं वाहत गेली तरी त्यांना हात लावत नाही. आम्ही सरकी भिजवून, सोलून, छोट्या नळीत द्रावणात वाटायचो आणि त्यात कागदाची पट्टी उभी करायचो. द्रावण पट्टीवरून वर चढताना वाटेत सुटी प्रतिपिंडं भेटतात. प्रत्येकाला रंगाचा बारीक कण चिकटवलेला असतो. क्राय असेल तर ती त्याला धरून वर जातात, आणि पुढे पट्टीवर आडवी बसवलेली दुसरी प्रतिपिंडं त्या जोडीला अडवतात. तिथे तांबडी रेघ उमटते. त्याच्या वरची दुसरी रेघ फक्त पट्टी नीट चालली की नाही हे सांगते. दोन रेघा म्हणजे बीटी, एक रेघ म्हणजे साधं. हे कण बहुतेक पट्ट्यांत सोन्याचे असतात. इतके बारीक झाल्यावर सोनं तांबडं दिसतं. जालना सोन्याचा पाळणा म्हणतात, त्यात एवढी भर घालायला हरकत नाही.

त्या काळी बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाचं १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेनं पेरायचं असायचं. त्याचं कारण पुढे येईलच. आम्हाला दोन्ही पाकिटं तपासावी लागत. मोठ्यात दोन रेघा हव्यात, छोट्यात एक. छोट्या पाकिटाची तपासणी मी मोठ्याइतक्याच काळजीनं करायची आणि बाहेर आल्यावर तेच पाकीट दुकानाच्या पायरीवर फेकलेलं पाहायची.

आमच्याकडे तपासणीचे जे संच येत, त्यांतल्या काहींत मोनोक्लोनल प्रतिपिंडं असत, तर काहींत सशाच्या रक्तातून काढलेली मिश्र. हा फरक साधा दिसतो, पण त्यात एका शतकाचा इतिहास आहे.

सशाला किंवा घोड्याला एखादं परकं प्रथिन टोचलं की त्याच्या शरीरातल्या हजारो वेगवेगळ्या पेशी कामाला लागतात. प्रत्येक पेशी एकाच प्रकारचं प्रतिपिंड बनवते. एकीचं प्रतिपिंड त्या प्रथिनाच्या या कोपऱ्याला धरतं, दुसरीचं त्या कोपऱ्याला. कुणाची पकड घट्ट, कुणाची सैल. शिवाय त्या जनावराला आयुष्यात झालेल्या इतर सगळ्या आजारांची प्रतिपिंडंही त्याच रक्तात असतात. हे झालं सरमिसळ बियाणं. उगवतं, उपयोगी पडतं, पण दोन पोती सारखी नसतात. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी असंच रक्तजल वापरून धनुर्वात आणि घटसर्प यांवर उपचार शक्य असल्याचं दाखवलं, आणि पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जगाचं काम या सरमिसळीवरच चाललं.

१९७५ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेत अर्जेंटिनात जन्मलेले सेझार मिलस्टीन आणि तरुण जर्मन संशोधक जॉर्ज कोहलर यांनी सरमिसळीतून एक वाण वेगळा काढायची रीत शोधली. अडचण अशी होती, की प्रतिपिंड बनवणारी पेशी शरीराबाहेर काढली की काही दिवसांत मरते. उलट त्याच कुळातली कर्करोग झालेली पेशी, मायलोमा, मरतच नाही. पण ती आपल्याला हवं ते प्रतिपिंड बनवत नाही. त्यांनी या दोघींचा संकर केला. त्या पेशीला हायब्रिडोमा म्हणतात. उंदराला प्रथिन टोचायचं, त्याच्या प्लीहेतल्या पेशी घ्यायच्या आणि मायलोमा पेशींशी त्यांचं मीलन घडवायचं. सगळ्यांचं मीलन होत नाही, म्हणून पुढे तण काढावं लागतं. त्यांनी घेतलेल्या मायलोमा पेशींत एक विकर नव्हतं. विशिष्ट पोषणद्रवात त्या विकराशिवाय जगताच येत नाही, त्यामुळे सुट्या मायलोमा पेशी तिथे मरतात. प्लीहेतल्या सुट्या पेशी आपोआप मरतात. उरतात फक्त संकरित, कारण विकर त्यांना एकीकडून मिळालेलं असतं आणि चिरंजीवपण दुसरीकडून. मग एका खाचेत एकच पेशी पडेल इतकं पातळ करून ती वाढवायची, आणि कुठल्या खाचेत हवं ते प्रतिपिंड तयार होतंय ते तपासायचं. आमच्याकडे पैदासकार एका झाडाचं बी वेगळं राखून त्याची ओळ चालवतो, तसंच हे.

एका बाबतीत मात्र ही तुलना उलटी होते. संकरित कापसाचं बी राखून दुसऱ्या वर्षी पेरलं तर पीक बिघडतं, म्हणून शेतकऱ्याला दर वर्षी दुकानात जावं लागतं आणि त्यावर जालन्याचा बाजार उभा आहे. हायब्रिडोमा ही संकरित असूनही स्वतःच्याच वंशात शुद्ध राहते. गोठवून ठेवा, वीस वर्षांनी काढा, तेच प्रतिपिंड देते. कोहलर आणि मिलस्टीन यांनी याचं पेटंट घेतलं नाही. ब्रिटनच्या ज्या सरकारी संस्थेनं ते घ्यायचं, तिला यात लगेच उपयोगी पडेल असं काही दिसलं नव्हतं. १९८४ मध्ये नील्स येर्ने यांच्याबरोबर दोघांना नोबेल मिळालं, तोवर या ‘निरुपयोगी’ वस्तूचा धंदा उभा राहू लागला होता.

उपयोग दोन दिशांनी वाढला. पहिली दिशा ओळखण्याची. आशाताईंच्या पिशवीतल्या गर्भारपण तपासणीच्या ‘निश्चय’ पट्टीत आणि हिवतापाच्या पट्टीत तीच रचना आहे जी आमच्या कापसाच्या पट्टीत होती. गर्भारपणात ती लघवीतलं संप्रेरक पकडते, हिवतापात बोटाच्या रक्तातलं परजीवीचं प्रथिन. २०२० मध्ये शाळांच्या व्हरांड्यात नाकात काडी घालून जी अँटिजेन चाचणी व्हायची, तिच्या रेघा पाहताना मला आपण कामावरच आहोत असं वाटायचं.

दुसरी दिशा औषधाची, आणि ती जड गेली. १९८६ मध्ये अमेरिकेत पहिलं मोनोक्लोनल औषध मंजूर झालं, मूत्रपिंडरोपणानंतर शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून. ते सगळंच उंदराचं होतं. माणसाचं शरीर उंदराच्या प्रतिपिंडालाही परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं बनवतं, त्यामुळे औषध पुन्हा देता येईना. त्याच वर्षी केंब्रिजच्याच ग्रेग विंटर यांनी उंदराच्या प्रतिपिंडाची फक्त पकड ठेवून बाकी सांगाडा माणसाचा करून दाखवला. पुढे माणसाची जनुकं घातलेले उंदीरच तयार झाले. उंदीर उंदराचा, पण त्याची प्रतिपिंडं माणसाची. औषधांच्या नावांत हा वंशवृक्ष लिहिलेला असे. शेवट ‘मॅब’चा, त्याच्या आधी ‘ओ’ असेल तर उंदराचं, ‘झि’ असेल तर अर्धंमुर्धं, ‘झु’ असेल तर बहुतांश माणसाचं, ‘उ’ असेल तर पूर्ण माणसाचं. रिटुक्झिमॅब, ट्रास्टुझुमॅब, अॅडालिमुमॅब. बियाण्याच्या पाकिटावरचा संकेतांक वाचायची सवय असलेल्याला हे वाचायला मजा येते. २०१७ पासून नव्या औषधांना हा नियम लावत नाहीत, ही त्यातली खेदाची गोष्ट.

रिटुक्झिमॅब रक्ताच्या काही कर्करोगांवर, ट्रास्टुझुमॅब स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर, अॅडालिमुमॅब संधिवातावर. आपल्या भागातले कर्करुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला टाटात जातात, तिथे ही नावं त्यांच्या कागदांवर दिसतात. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं रिटुक्झिमॅबची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. अशा औषधाची हुबेहूब नक्कल होत नाही, कारण ते जिवंत पेशीत वाढतं. म्हणून त्याला जेनेरिक न म्हणता ‘बायोसिमिलर’, म्हणजे जवळपास तसंच, म्हणतात. एकच वाण दोन शिवारांत पेरल्यावर दाणा तोलून पाहावाच लागतो. कर्करोगाबद्दल इतरत्र पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला थांबायचं आहे ते कुत्र्याच्या चाव्यापाशी. जालन्यासारख्या जिल्ह्यात मोनोक्लोनल प्रतिपिंड सर्वांत जास्त लोकांच्या कामाचं आहे ते तिथे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

माझ्या पिढीच्या मनात कुत्रा चावणं म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं. १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेली ती लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूपासून बनत असे. ती दुखायची, आणि क्वचित तिच्यानंच मज्जासंस्थेला इजा व्हायची. २००५ च्या सुमारास तिचा वापर देशात थांबला. आता दंडात किंवा त्वचेत थोडी इंजेक्शनं घ्यावी लागतात. हा बदल लोकांपर्यंत पोचला. दुसरा बदल पोचला नाही.

काही वर्षांपूर्वी भोकरदन तालुक्यातल्या आमच्या एका सीड प्लॉटवर क्रॉसिंगला येणाऱ्या बाईंच्या सात वर्षांच्या मुलाला कुत्रं चावलं. गालावर आणि मनगटावर, रक्त निघालेलं. घरच्यांनी आधी मिरचीपूड लावली होती. जवळच्या दवाखान्यात लस दिली आणि जखमेत टोचायचं औषध आमच्याकडे नाही, मोठ्या ठिकाणी जा, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई कामावर आल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “ताई, सुई तर दिली की डॉक्टरनं. आता पुन्हा कशाला जायाचं?”

हा प्रश्न त्या एकट्यांचा नाही. लस आणि प्रतिपिंड दोन्ही सुईतूनच जातात, मग दोन वेगळ्या गोष्टी कशा समजाव्यात? मी त्यांना म्हटलं, “लस म्हणजे पेरणी. पीक हाती यायला पंधरा दिवस. तोवर घरात खायला आयतं धान्य नको का?” लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागतं, पण पुरेशी व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागी थांबून मज्जातंतूत शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकतो. तंतूत शिरल्यावर त्याला गाठणं कठीण. म्हणून ज्या जखमेतून रक्त आलं आहे, तिच्यात आणि तिच्याभोवती पहिल्याच दिवशी आयती प्रतिपिंडं भरायची, म्हणजे विषाणू दारातच अडतो. चेहरा, मान, हाताची बोटं इथे तर मुळीच वाट पाहता येत नाही, आणि लहान मुलं ठेंगणी असल्यानं त्यांना चावे नेमके वरच बसतात. लसीच्या पहिल्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत हे औषध देता येतं; त्यानंतर शरीराचं पीक येऊ लागलेलं असतं. त्याच्याही आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवायची. मिरची, चुना, हळद काहीही लावायचं नाही. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर जवळपास उपाय नाही. बाई दुपारच्या गाडीनं मुलाला घेऊन गेल्या आणि त्याला ते औषध मिळालं.

हे आयतं धान्य पूर्वी दोनच ठिकाणांहून यायचं. एक घोड्याच्या रक्तातून, दुसरं लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातून. महाराष्ट्राला घोड्याचं रक्तजल नवं नाही. परळची हाफकिन संस्था १८९९ ची. तिच्यातून पुढे निघालेल्या सरकारी औषध महामंडळाचे घोडे पिंपरीला असतात. पुण्याचे पूनावाला कुटुंबीय शर्यतीच्या घोड्यांची पैदास करत आणि शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे रक्तजलासाठी हाफकिनला देत. घोडे आपले, मग रक्तजलही आपणच का काढू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. नावातलं ‘सीरम’ ते हेच.

घोड्याचं रक्तजल स्वस्त पडतं आणि आजचं शुद्ध केलेलं रक्तजल पूर्वीपेक्षा खूपच सुरक्षित आहे. तरीही क्वचित कुणाला जोराची ॲलर्जी येते, त्यामुळे छोट्या दवाखान्यातले डॉक्टर ते द्यायला कचरतात. माणसाचं रक्तजल महाग आणि नेहमी तुटवड्याचं, कारण त्यासाठी लस घेतलेले रक्तदाते लागतात. दोन्हींत प्रत्येक खेप थोडी वेगळी. सरमिसळ बियाण्याच्या सगळ्या अडचणी त्यांत आहेत.

त्याच सीरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर रेबीजविरुद्ध मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार केलं. मूळ पेशी माणसाची प्रतिपिंड-जनुकं असलेल्या उंदरातून मिळाली. आता ते चिनी हॅमस्टरच्या पेशींत, पोलादी टाक्यांत वाढवतात. घोडा लागत नाही, रक्तदाताही लागत नाही. चाचण्यांत मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नित्या गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. चावा झालेल्या २०० जणांवरची त्यांची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा चाचणीत अर्ध्या लोकांना नुसतं पाणी टोचून पाहता येत नाही, कारण चुकलं तर माणूस जातो. म्हणून एका गटाला नवं प्रतिपिंड आणि दुसऱ्याला माणसाचं रक्तजल दिलं, दोघांनाही लस दिली, आणि चौदाव्या दिवशी रक्तातली विषाणू निकामी करायची ताकद मोजली. नवं औषध मागे पडलं नाही. परवाना २०१६ च्या अखेरीस मिळाला होता. रॅबिशिल्ड या नावानं ते येतं.

मात्रा वजनावर ठरते. साठ किलोच्या माणसाला घोड्याचं रक्तजल २४०० एकक लागतं, माणसाचं १२०० आणि मोनोक्लोनल साधारण २००. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये रेबीजसाठी मोनोक्लोनल वापरायला मान्यता दिली आणि २०२१ मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२२-२३ च्या सर्वेक्षणानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरं चावतात आणि ५७०० च्या आसपास माणसं रेबीजनं जातात. पूर्वी हा आकडा वीस हजार मानत. उतार मोठा आहे. पण उरलेले ५७०० हे बहुतेक असेच, लस अर्धवट घेतलेले, जखमेत औषध न टोचलेले किंवा दवाखान्यात न गेलेले. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही चांगली गोष्ट. मंठा किंवा जाफराबादच्या वाडीवरून जिल्ह्याच्या गावाला यायचं भाडं आणि बुडालेली मजुरी मात्र कुठल्याच महाविद्यालयात भरून मिळत नाही. ही कुपी दोन ते आठ अंश तापमानात राहते. म्हणजे जिथे लसीचा फ्रिज आहे तिथे ती ठेवता येते. ग्रामीण रुग्णालयापर्यंत आणि मोठ्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत ती यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शुद्ध वाणाची दुसरी बाजू. ती आपल्या शेतकऱ्यांनी फार महागात शिकली आहे.

कडेच्या साध्या कापसाचं ते १२० ग्रॅमचं पाकीट याचसाठी होतं, की काही अळ्या बीटीशिवाय जगाव्यात, त्यांनी बीटी पचवणाऱ्या अळ्यांशी मीलन करावं आणि पचवण्याची ताकद पुढच्या पिढीत पातळ व्हावी. ती कड फारशी कुणी पेरली नाही. एकाच प्रथिनाचा मारा शिवारभर, वर्षानुवर्षं झाला. गुजरातेत गुलाबी बोंडअळी आधी क्राय-१-एसीला आणि मग दोन प्रथिनांच्या कापसालाही पुरून उरली. २०१७ मध्ये मराठवाडा आणि विदर्भात बोंडं फोडली की आत ती दिसायची. त्या हंगामात शेतकरी आमच्याकडे पाकिटं घेऊन आले. बियाणं बोगस आहे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांच्यासमोर पट्ट्या लावल्या. दोन्ही रेघा ठळक उमटत होत्या. प्रथिन होतं, प्रतिपिंड ते बरोबर ओळखत होतं, आणि त्यांच्या हातातल्या बोंडात अळी जिवंत होती. बदलली होती ती अळी. पट्टीला ते कळायचा मार्ग नव्हता.

प्रतिपिंड औषध म्हणून वापरताना हीच भीती असते. ते एका आकाराला धरतं; विषाणूनं तेवढा आकार बदलला की पकड सुटते. मे २०२१ मध्ये कोविडवर कॅसिरिव्हिमॅब आणि इम्डेव्हिमॅब या दोन प्रतिपिंडांचं मिश्रण भारतात आलं, एका रुग्णाच्या मात्रेची किंमत ५९,७५० रुपये. वर्ष संपता संपता ओमिक्रॉन आला आणि जानेवारी २०२२ पर्यंत ते औषध त्याच्यापुढे निकामी ठरलं. सरमिसळ रक्तजलाचा हा एक गुण आपण विसरतो: त्यात हजार पकडी असतात, दहा सुटल्या तरी बाकीच्या धरून राहतात.

रेबीजचा विषाणू कोविडच्या विषाणूइतका झपाट्यानं बदलत नाही आणि त्याच्या ज्या भागाला प्रतिपिंड धरतं तो भाग बऱ्यापैकी स्थिर आहे. म्हणूनच एका प्रतिपिंडाचं औषध मंजूर झालं. तरीही तज्ज्ञांत दोन मतं होती. अहमदाबादच्या झायडसनं २०१९ मध्ये दुसरा मार्ग धरला. त्यांच्या ट्विनरॅबमध्ये विषाणूच्या दोन वेगळ्या जागांना धरणारी दोन प्रतिपिंडं आहेत. एक निसटली तर दुसरी. मला विचाराल तर मी दोनवालं पसंत करीन, आणि हे मत मी बोंडअळीकडून शिकले. पण रात्री अकरा वाजता ग्रामीण रुग्णालयात एकवालं असेल आणि दोनवालं नसेल, तर एकवालं घ्यायचं, यात शंका नको. घोड्याचं असेल तर घोड्याचं.

पुढचा प्रश्न सापांचा आहे आणि तो शेतीच्या जिल्ह्यांना कुत्र्यांइतकाच जवळचा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. उपचार अजूनही घोड्याच्या रक्तजलाचाच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचून ते बनवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटानं अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेबरोबर एक प्रतिपिंड जाहीर केलं. नाग आणि मण्यार यांच्या विषात मज्जातंतूंवर काम करणाऱ्या विषारी प्रथिनांचं एक मोठं कूळ असतं. त्या सगळ्या कुळात सामाईक असलेल्या जागेला हे प्रतिपिंड धरतं. उंदरांवर ते चाललं, आफ्रिकेतल्या काळ्या मांबाच्या विषावरसुद्धा. घोणस आणि फुरसं यांच्या विषाची जात मात्र निराळी, ती रक्त आणि रक्तवाहिन्या बिघडवते. त्यांच्यासाठी आणखी प्रतिपिंडं शोधावी लागतील आणि मग सगळी एका कुपीत बसवावी लागतील. एका दंशाला चार-पाच शुद्ध वाण मिसळून दिले, की ते पुन्हा मिश्रणच झालं. फक्त त्यात काय किती आहे हे माहीत असलेलं. ती कुपी तयार होऊन माणसांवर तपासली जाईपर्यंत पिंपरीचे घोडे लागणार आहेत.